अभ्यास, सबमिशन आणि टेन्शन: नागपुरातल्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन वेळांना येतात. सत्र सुरू असताना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, आणि परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, फक्त 'मॅडम प्लीज रिप्लाय' तेवढं काढून टाकलं. इतकी वर्षं हे प्रश्न ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे: जड अभ्यासापेक्षा अर्धवट माहीत असलेला अभ्यास पोरांना जास्त छळतो. पेपर कधी, इंटर्नल (कॉलेजकडचे अंतर्गत गुण) कशावर, पास व्हायला नेमकं काय लागतं, अडलं तर कोणाकडे जायचं हे माहीत नसतं, आणि त्यातून येणाऱ्या भीतीलाच आपण अभ्यासाचं ओझं म्हणतो. त्यामुळे पुढची बरीच उत्तरं 'आधी माहिती काढा' इथूनच सुरू होतात.

१. टेन्शन तर सगळ्यांनाच येते. माझं नॉर्मल आहे की काही गडबड आहे, हे कसं ओळखायचं?

पेपरच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं, व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) रांगेत हात गार पडणं यात काही वावगं नाही. काम झालं की ते उतरतं. जे उतरत नाही त्याच्याकडे लक्ष द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली असणं, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणं, वर्गात जायचंच टाळणं, कारण नसताना रडू येणं ही चिन्हं असतील तर वेळापत्रक करून भागणार नाही. तेव्हा थेट प्रश्न १५ वाचा.

सारखा थकवा हीच मुख्य तक्रार असेल तर एकदा साध्या डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा बी-१२ कमी-जास्त असलं तरी माणूस दिवसभर मरगळलेला असतो आणि स्वतःला आळशी समजत बसतो. मेसच्या डब्यावर जगणाऱ्यांत हे बरंच दिसतं.

२. रोज किती तास अभ्यास केला पाहिजे? नक्की आकडा सांगा.

आकडा तुमच्या क्रेडिटमध्येच लपलेला आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे एकूण ३० तास धरलेले असतात, म्हणजे २० क्रेडिटचं सत्र ६०० तासांचं. थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास वर्ग होतो, उरलेले १५ तास तुम्ही स्वतः बसायचं असं गृहीत असतं. प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला बहुतेक वेळ लॅबमध्येच जातो.

समजा तुमचे १२ क्रेडिट थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे आहेत. थिअरीसाठी स्वतःचा अभ्यास झाला १८० तास. पहिल्या आठवड्यापासून १६ आठवड्यांत वाटला तर आठवड्याला सव्वाअकरा तास, म्हणजे रोज दीड तासाच्या आसपास. तोच शेवटच्या ४ आठवड्यांत ढकलला तर रोज साडेसहा तास, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत फाइली आणि व्हायवा येतात. 'मॅडम, होऊनच नाही राहिलं' असं जे सांगतात, त्यांच्या बुद्धीत खोट नसते. ते गणितच होण्यासारखं नसतं.

तुमचे क्रेडिट वेगळे असतील. पाच मिनिटं काढून हे गणित स्वतःच्या सत्राचं करा.

३. टाइमटेबल करतो, चार दिवसांत मोडते. माझ्यात सातत्यच नाही का?

टाइमटेबल मोडणारच, कारण ते कोणत्या तरी आदर्श मुलासाठी केलेलं असतं. सकाळी ५ ते रात्री ११ भरलेला कागद पाहून घरचे खूश होतात, बाकी त्याचा उपयोग नाही. दिवसाचं करण्यापेक्षा आठवड्याचं करा: या आठवड्यात या तीन विषयांची ही ठरावीक प्रकरणं. रविवार दुपार मोकळी सोडा, राहिलेलं तिथे सरकतं. आणि 'डीबीएमएस करणे' असं लिहू नका, 'नॉर्मलायझेशनची ६ उदाहरणं' असं लिहा. पहिल्याचं पूर्ण झालं की नाही हे कधीच कळत नाही.

४. परीक्षेची तारीखच फिक्स नसते. ग्रुपवर रोज 'पेपर पुढे गेले' येते. प्लॅन कसा करायचा?

नागपूर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. स्वायत्त कॉलेजवाल्यांना सुरुवातीलाच शैक्षणिक कॅलेंडर मिळतं आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं. बाकीच्यांना हिवाळी आणि उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक येईपर्यंत थांबावं लागतं.

दोन नियम. एक, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर नाही ते खरं नाही, मग स्क्रीनशॉटवर शिक्का कितीही गोल असो. दोन, नियोजन सगळ्यात लवकरच्या शक्य तारखेला धरून करा. मागच्या दोन-तीन वर्षांची वेळापत्रकं काढा, त्यातली सर्वांत लवकरची तारीख धरा. पेपर पुढे गेले तर उजळणीला वेळ मिळाला. पुढे जातील या भरवशावर राहिलात आणि नाही गेले, तर काय होतं ते सीनिअरना विचारा.

तारीख तुमच्या हातात नाही, पण बाकीच्या बऱ्याच गोष्टी सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत कळू शकतात. इंटर्नलचे गुण कशाकशावर आहेत: सेशनल (कॉलेजची सत्रातली चाचणी), असाइनमेंट, हजेरी? थिअरी आणि इंटर्नलमध्ये स्वतंत्र पास व्हावं लागतं की एकत्र? पुढच्या वर्षात जायला किती पेपर राहिलेले चालतात? हे सगळं तुमच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये आणि विद्यापीठाच्या 'डायरेक्शन'मध्ये, म्हणजे नियमांच्या पत्रकात, लिहिलेलं असतं. नियम शाखेप्रमाणे आणि बॅचप्रमाणे बदलतात, म्हणून चुलत भावाचा अनुभव चालत नाही. एका पानावर उतरवून टेबलासमोर चिकटवा. मी पाहिलेल्या पोरांत हे पान असणारी पोरं हुशार असतात असं नाही, पण नोव्हेंबरात त्यांचे फोन कमी येतात.

५. तीनदा वाचलं तरी पेपरमध्ये आठवत नाही. काय करून राहिलो चुकीचं?

वाचून राहिलात, हेच. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचा झाला की येतो असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

एक प्रकरण एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग जे सुटलं तेवढंच बघा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. सुरुवातीला फार कमी आठवतं आणि वाईट वाटतं, ते चालू द्या. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळणारे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच याच कामासाठी वापरायचे. उत्तरं पाठ करण्यासाठी नाही.

६. रात्र काढून अभ्यास केला तर चालते का? दिवसा रूमवर शांतताच नसते.

रात्री अभ्यास करणं आणि झोप कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. रात्री २ पर्यंत बसून सकाळी साडेनऊला उठत असाल आणि कॉलेज दुपारचं असेल तर माझी काही हरकत नाही. पण २ ला झोपून ६ ची सिटी बस पकडायची असेल, तर वाचलेलं पक्कं व्हायला मेंदूला लागणारी झोपच तुम्ही खाताय.

चहाचं गणितही लक्षात ठेवा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री ११ ला टपरीवर मारलेल्या कटिंगमधलं निम्मं पहाटे ४ ला तुमच्यासोबत जागं असतं.

७. उन्हाळी परीक्षा आहे. दुपारी कूलरसमोर बसून पण डोकं चालत नाही.

नाहीच चालणार. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा रोज जात नसला तरी एप्रिल-मे मधली दुपार अवघड विषयाची वेळ नाही हे मान्य करून टाका. नव्या गोष्टी पहाटे साडेचार ते साडेआठमध्ये उरका. दुपारी हाताचं काम ठेवा: फाइल उतरवणं, आकृत्या, सूत्रांची यादी. नाहीतर सरळ झोपा. सूर्य मावळून गच्ची निवली की दुसरी बैठक.

कूलरबद्दल एक गोष्ट, कारण भाड्याच्या खोल्यांमध्ये हे हमखास चुकतं. खिडकीला कूलर लावून पोरं दार घट्ट लावून घेतात. कूलर एसी नाही. त्याच्या हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर तासाभरात खोलीत दमट होतं, वही चिकट होते आणि झोप येते. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. टाकी सकाळी नळ असतानाच भरा.

पेपर दुपारच्या सत्रात असेल तर आधीच्या आठवड्यात एक-दोन सराव पेपर मुद्दाम त्याच वेळी, नुसत्या पंख्याखाली सोडवा. हॉलमध्ये कूलर असेलच असं नाही. जाताना डोक्याला दुपट्टा, सोबत पाण्याची बाटली, घरून निघताना ताक किंवा पन्हं. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, आजीचं मन राखलं जाईल, पण बाटली विसरू नका. चक्कर येऊन बोलण्यात गोंधळ व्हायला लागला किंवा अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात असू शकतो. पेपर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

८. फाइल, असाइनमेंट, सेशनल आणि व्हायवा सगळं एकाच आठवड्यात येते. हे मुद्दाम करतात का?

मुद्दाम कोणी करत नाही. प्रत्येक शिक्षक आपल्या विषयापुरता विचार करतो आणि सगळ्यांची शेवटची तारीख एकच पडते. तुमच्या सीआरने (वर्ग प्रतिनिधीने) सत्राच्या मध्यावर सगळ्या विषयांच्या तारखा एका कागदावर मांडून विभागप्रमुखांना दाखवल्या तर दोन-तीन तारखा नक्की हलतात. ऐन आठवड्यात जाऊन 'सर, जास्त होऊन राहिलं' म्हटलं तर नाही हलत.

बाकी फाइलचं म्हणाल तर ते दुखणं आपण स्वतः ओढवून घेतो. दहा प्रॅक्टिकल झाले, एकही लिहिला नाही, मग रात्रभर मित्राची फाइल समोर ठेवून रीडिंगसकट उतरवायची, इंडेक्सच्या तारखा एकाच निळ्या पेनाने भरायच्या, आणि सकाळी सर विचारतात, 'या दिवशी तर सुट्टी होती ना?' लॅबमधून निघण्याआधी तिथेच रीडिंग आणि निष्कर्षाची दोन वाक्यं लिहून त्याच दिवशी सही घेतली, तर प्रॅक्टिकलमागे वीस मिनिटं लागतात. आणि व्हायवामध्ये परीक्षक बहुतेक प्रश्न तुमच्याच फाइलमधून विचारतात. स्वतः लिहिलेल्या फाइलवर उत्तर देता येतं, उतरवलेल्या फाइलवर घाम फुटतो.

आठवडा आलाच असेल आणि काहीच झालं नसेल तर क्रम असा: ज्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत ते आधी, मग जास्त गुणांचं, मग बाकीचं. सुंदर अक्षर आणि रंगीत हेडिंग सगळ्यात शेवटी.

९. नवीन शैक्षणिक धोरणात विषयच विषय आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह... सगळ्याला सारखा वेळ द्यायचा का?

नाही. वेळ क्रेडिटप्रमाणे वाटा. मेजरला सर्वांत मोठा वाटा. दोन क्रेडिटच्या विषयावर मेजरइतका जीव काढू नका, पण त्याकडे पाठही फिरवू नका, कारण क्रेडिट राहिलं तर ते पदवीच्या हिशोबात राहिलेलंच असतं. बऱ्याच जणांचं नेमकं 'हा तर सोपा आहे' म्हटलेल्या विषयातच अडतं. ओपन इलेक्टिव्ह निवडताना मित्र काय घेतो यापेक्षा मूल्यमापन कसं आहे ते बघा: लेखी, प्रकल्प की सादरीकरण.

१०. भंडाऱ्याहून रोज अप-डाउन करते. जाण्यायेण्यातच दिवस जाते.

प्रवासात 'अभ्यास' होत नाही, उजळणी होते. उभ्याने, धक्के खात नवीन प्रकरण समजत नाही. त्या वेळेला प्रश्न ५ मधलं काम द्या: काल वाचलेलं मनात आठवायचं, अडलं तिथे मोबाइलमध्ये काढलेल्या वहीच्या फोटोत बघायचं. डोळे मिटून आणलेली अर्ध्या तासाची झोप हाही चांगला वापर आहे.

लेक्चरच्या मधले रिकामे तास मात्र कॉलेजच्या ग्रंथालयात काढा. घरी पोचल्यावर बसू, हा हिशोब अप-डाउनवाल्यांचा क्वचितच जमतो. पोचल्यावर भूक असते, घरातली कामं असतात, आणि मुलींना ती जास्त असतात.

११. मी अर्जुनी मोरगावकडचा. रोवणीत आणि धान कापणीत घरी जावंच लागते. हजेरी बुडते, मग टेन्शन.

जावंच लागतं तर अपराधी वाटून घेऊ नका, हिशोब करा. ७५ टक्के हजेरीचा नियम असेल आणि विषयाचे ६० तास होणार असतील तर ४५ हवेत, १५ हातात आहेत. हे १५ रोवणी आणि कापणीसाठी राखून ठेवायचे. मग मास बंक, वाढदिवस आणि फुटाळा तलावाच्या चकरा यासाठी एकही उरत नाही, हे मनाशी पक्कं करा.

जाण्याआधी वर्गशिक्षकांना लेखी कळवा, आल्यावर नको. थिअरीच्या नोट्स कोणाकडूनही मिळतात, बुडालेला प्रॅक्टिकल मिळत नाही, म्हणून लॅबच्या तारखा विचारून दिवस ठरवा. दुसऱ्या बॅचसोबत प्रॅक्टिकल करू देतात का, हे विचारायला लाजू नका. बहुतेक जण देतात.

शहरात राहून संध्याकाळी काम करणाऱ्यांनाही हेच लागू. तुमच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का ते एकदा पाहा. पैसे थोडे मिळतात, पण परीक्षेच्या दिवसांत तिथे सुट्टीसाठी भांडावं लागत नाही.

१२. डिग्रीसोबत एमपीएससी पण करायची आहे. अभ्यासिकेत जातो, पण दोन्हीकडे अर्धवट होऊन राहिलं.

माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना आवडत नाही: पहिली दोन वर्षं डिग्रीच. रोज वर्तमानपत्र आणि शालेय पुस्तकं एवढंच बाजूने चालू द्या. पदवीचा एखादा पेपर राहून गेला तर त्या एका पेपरपायी पुढच्या परीक्षेची पात्रताच अडकते. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तीन तास मुद्देसूद लिहिण्याचा जो सराव विद्यापीठाच्या पेपरने होतो, तो आता तिथेही कामी येतो.

अभ्यासिकेत आठ तास बसलो म्हणजे आठ तास अभ्यास झाला असंही नाही. बाहेर चहाच्या गाडीवर किती वेळ गेला तेही मोजा.

१३. बॅक लागली. घरी कसं सांगू? बाबा म्हणतील पैसे वाया गेले.

लपवलं तर ते दुसऱ्याकडून कळतं आणि मग राग पेपरचा नसतो, खोटं बोलल्याचा असतो. सांगायच्या आधी तीन गोष्टी तयार ठेवा: कोणता पेपर, पुन्हा कधी देता येतो, वर्ष जातं की नाही. 'बाबा, मॅथ्सचा पेपर राहिला. हिवाळीत पुन्हा देतो. वर्ष वाया नाही जात.' एवढ्या तीन वाक्यांत सांगा, मग त्यांना बोलू द्या. बोलतील. पहिल्या दहा मिनिटांत उत्तर द्यायला जाऊ नका.

फॉर्मची तारीख मात्र डोक्यात ठेवा. राहिलेल्या पेपरचा फॉर्म वेगळा भरायचा असतो आणि विलंब शुल्क उगाच बसतं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकन यांनाही निकालानंतर थोडेच दिवस असतात. अर्ज करायचाच तर आधी झेरॉक्स पाहून, विषयाच्या शिक्षकांना दाखवून ठरवा. मित्राचे वाढले म्हणून तुमचेही वाढतील असं नाही.

१४. इंटर्नलमध्ये अन्याय झाला. तक्रार केली तर पुढच्या वेळी अजून कापतील ना?

भीती समजते. आधी संबंधित शिक्षकांना भेटून गुणांची विभागणी विचारा. बेरजेची चूक असेल तर तिथेच मिटतं. नाही मिटलं तर मेंटॉर, मग विभागप्रमुख. तरीही नाही तर लेखी अर्ज. युजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे १५ दिवसांत अपील करता येतं. अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. अनेकांची तक्रार सारखीच असेल तर सह्या एकत्र करून द्या, एकट्यावर रोख राहत नाही.

त्रास सीनिअरकडून असेल, तर तो रॅगिंगचा विषय आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

१५. काउन्सेलरकडे गेलो तर घरी आणि कॉलेजात कळेल का? लोक 'पागल' म्हणतील.

आपल्या शहरात एका चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात, तेव्हा ही भीती कुठून येते ते सांगायला नको. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. तुम्ही १८ पूर्ण असाल तर तुमच्या संमतीशिवाय घरी सांगता येत नाही. अपवाद मुख्यतः कोणाच्या तरी जिवाला धोका असेल तेव्हाचा.

कुठे जायचं? पहिलं, कॉलेजात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ हवा. तुमच्याकडे नसेल तर मेंटॉरला विचारा, निदान प्रश्न तरी पोचेल. दुसरं, फोन: टेली-मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिसरं, मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांतली मानसोपचार ओपीडी. सकाळी लवकर जा, चिठ्ठी काढा, रांगेत बसा. त्या रांगेत तुमच्यासारखी पुष्कळ पोरं दिसतील, हातात फाइल घेऊन, कॉलेजची बॅग पाठीला.

पहिल्या भेटीत काय बोलायचं असं बरेच जण विचारतात. 'गेल्या महिन्यापासून झोप नाही, वर्गात बसवत नाही' एवढं पुरतं. पुढचं विचारणं त्यांचं काम आहे. आणि गेलं म्हणजे गोळ्या सुरू होतातच असं नाही.

१६. माझा रूममेट 'आता काही उपयोग नाही, संपवून टाकतो' म्हणते. मस्करी समजायची का?

नाही. मस्करीत म्हटलं असलं तरी नाही. त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ ला त्याच्यासमोर फोन लावा आणि घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला किंवा वॉर्डनना कळवा. त्याने 'कोणाला सांगू नको' अशी शपथ घातली असेल तर ती मोडायची. धोका लगेचचा वाटला तर मेडिकल किंवा मेयोची कॅज्युअल्टी, नाहीतर आपत्कालीन नंबर ११२.

'पोलिस केस होईल' या भीतीने कोणी थांबू नये. २०१७ च्या त्याच कायद्यातलं कलम ११५ असं मानून चालतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला शिक्षा न करता मदत द्यायची आहे.

हे प्रश्न स्वतःबद्दल असतील, तर हा परिच्छेद 'रूममेट'ऐवजी 'मी' असा वाचा आणि फोन आत्ता लावा.

१७. मला डिस्लेक्सिया आहे. पेपरमध्ये जास्त वेळ मिळतो म्हणतात, खरं का?

खरं. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार दोन्ही येतात. ४० टक्के किंवा जास्त प्रमाणाचं प्रमाणपत्र आणि लेखनात अडचण असेल तर लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रमाणपत्र आधी काढून ठेवा आणि परीक्षेचा फॉर्म भरतानाच अर्ज जोडा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर केंद्रावरचे लोकही हात वर करतात. नुसत्या परीक्षेच्या टेन्शनसाठी मात्र ही सवलत नाही.

१८. आता झेपतच नाही. एक वर्ष गॅप घेऊ का?

आधी बघा की झेपत नाही ते नेमकं काय. पैसे असतील तर स्वाधार, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा सरकारी योजनांत बसता का ते तपासा. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तरी अर्ज न करणाऱ्या मुली अजून भेटतात. आजार असेल तर आधी उपचार (प्रश्न १५), निर्णय नंतर. ऐन परीक्षेच्या आठवड्यात हा निर्णय घ्यायचाच नाही.

इतकं करूनही थांबायचं असेल तर नव्या धोरणात पारंपरिक पदवीला वाट ठेवलेली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, मात्र त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा व्यावसायिक भाग पूर्ण करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलचे नियम वेगळे आहेत. बाहेर पडण्याआधी क्रेडिट तुमच्या एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा झालेत हे डोळ्यांनी पाहा.

१९. (एका आईचा प्रश्न) मुलगा नागपूरला रूम करून राहतो. फोन उचलत नाही, उचलला तर 'हो, चालू आहे' एवढंच. काय करू?

ताई, रोज 'अभ्यास झाला का' विचारलं तर 'हो' हेच उत्तर येणार. फोनची वेळ त्यालाच ठरवू द्या, आठवड्यातून दोनदाच, पण नक्की. शक्य असेल तर न रागावता एकदा येऊन जा, डबा घेऊन. खोली, अंथरूण आणि त्याचं वजन पाहून तुम्हाला फोनपेक्षा जास्त कळेल. प्रश्न १ मधली चिन्हं दिसली तर त्याच्यासोबत प्रश्न १५ वाचा. मेंटॉरचा नंबर प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवा, आणि त्यांच्याशी बोललात तर मुलाला सांगून बोला.

२०. पेपरच्या दिवशीच १०३ ताप आला तर? सर्टिफिकेट दिलं तर पेपर पुन्हा घेतात का?

विद्यापीठाच्या लेखी पेपरला सहसा नाही. त्या पेपरला गैरहजर लागते आणि तो पुढच्या परीक्षेत द्यावा लागतो. सेशनल किंवा प्रॅक्टिकल मात्र कॉलेजच्या हातात असतात, तिथे सर्टिफिकेट आणि त्याच दिवशी केलेला ईमेल कामी येतो. बसण्याइतपत बरं वाटत असेल तर केंद्रावर लवकर पोचा आणि केंद्रप्रमुखांना सांगा. बरेचदा दाराजवळची किंवा पंख्याखालची जागा देतात, औषध जवळ ठेवू देतात. बसवतच नसेल तर जाऊ नका. त्या दिवशी झोपा, आणि पुढच्या पेपरपर्यंत किती दिवस आहेत ते संध्याकाळी ताप उतरल्यावर मोजा.